मैत्रिणीसोबत अनोळखी देशात: कोल्हापूरहून व्हिएतनामला जाताना

परदेशी निघालोय म्हटलं की कोल्हापुरात दोन प्रश्न हमखास येतात. तिकीट कितीला पडलं आणि तिकडं खायचं काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यांच्याकडे पुढे येतेच. पण तिथं उतरल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस कसे काढायचे, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. देशाबद्दलचं आपलं मत तर याच दिवसांत तयार होतं. झोप अर्धवट झालेली असते, पोटात भूक असते, हातातल्या नोटांवरची शून्यं मोजून होत नाहीत आणि शेजारी आपल्याइतकीच दमलेली मैत्रीण उभी असते. अशा वेळी जी आधी बोलते तिचं मत दोघींचं होऊन बसतं. एकीनं "किती घाण आहे गं इथं" म्हटलं, की दुसरीलाही तेवढंच दिसायला लागतं.

मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण हनोईपासून हो चि मिन्ह सिटीपर्यंत, उत्तरेकडून दक्षिणेकडे, टूर कंपनीशिवाय गेलो. त्या प्रवासानंतर माझं एक मत पक्कं झालं आहे. नवा देश दोघींनी मिळून बघायचा असेल, तर आधी तो ज्यानं त्यानं आपापला बघावा आणि मग एकमेकींना सांगावा. त्यासाठी पैसा, झोप आणि जेवण या गोष्टी इतक्या चोख ठरलेल्या हव्यात की डोकं बघायला मोकळं राहील. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हेतूनं. दोघे मित्र निघाले असाल तरी यातलं काही बदलत नाही.

देश ठरवण्याआधी एकमेकींना विचारा

मैत्री कितीही जुनी असली तरी एका खोलीत सलग दहा-बारा रात्री आपण क्वचितच काढलेल्या असतात. शाळेची सहल यात धरू नका. तेव्हा पैसे आई-वडिलांचे होते आणि वेळापत्रक सरांचं. तिकिटं काढण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा, रंकाळ्याला फेरी मारा आणि चालता चालता पुढचे प्रश्न सरळ विचारा. समोरासमोर बसून विचारले तर अवघड वाटतात, चालताना सोपे जातात.

एकूण किती खर्च करायची तयारी आहे, आणि त्यातला राहण्यावर किती? सकाळी कधी जाग येते? दिवसभरात किती चालवतं, गुडघ्याचं काही दुखणं आहे का? रोजचं औषध कुठलं? मांसाहार चालतो का, आणि चालत असेल तर कुठलं मांस अजिबात चालत नाही? घरी दिवसातून किती वेळा फोन करावा लागतो? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण मैत्रिणीचा रोज संध्याकाळी सातला मुलांशी अर्धा तास फोन असतो हे आधी कळलं, तर तो अर्धा तास दिवसाच्या आखणीतच बसतो आणि त्याचा राग येत नाही.

उत्तरं जुळलीच पाहिजेत असं काही नाही, ती माहीत असली की झालं. माझी मैत्रीण पहाटे साडेपाचला आवरून तयार असते. मला आठच्या आधी कुणाशी बोलवत नाही. त्यामुळे हनोईत ती "मी आलो बघ फिरून" म्हणत एकटीच तळ्याकाठी जायची, आणि दोघींचाही दिवस छान सुरू व्हायचा.

जमलं तर आधी दोन रात्री बदामी-हंपीकडे एकत्र जाऊन या. भाषा वेगळी, ऊन कडक, एसटीची वाट बघणं आलं. तिथं दुपारी तीन वाजता दोघी एकमेकींशी कशा बोलता, त्यावरून पुढचं बरंच कळतं.

महिना निवडताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला देश आहे, त्यामुळे एकाच वेळी तिथं तीन वेगळी हवामानं असतात. आपल्याकडच्या सुट्ट्यांशी ती कशी जुळतात ते नीट बघा. दिवाळीची सुट्टी सगळ्यांना सोयीची, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मध्य व्हिएतनामचे पावसाचे आणि पुराचे महिने. हुए आणि होई आन इथं तेव्हा रस्त्यांवर पाणी येऊ शकतं. दिवाळीत जायचं तर उत्तरेत हनोई आणि आसपासचा भाग करा, मधला भाग सोडा. मे महिन्याच्या सुट्टीत मध्य भाग कोरडा असतो, पण उकाडा आपल्यापेक्षा दमट. सगळा देश एका दमात करायचा तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. डिसेंबर-जानेवारीत हनोईत ढगाळ थंडी असते, स्वेटर लागतो.

एक आठवडा मात्र टाळा. तेत हा त्यांचा नववर्षाचा सण चांद्र पंचांगानुसार २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. तेव्हा देशातली माणसं आपापल्या गावी जातात, गाड्या भरलेल्या असतात आणि बरीच दुकानं, खानावळी बंद.

चांद्र पंचांगाचा उपयोग इथं संपत नाही. त्यांच्या चांद्र महिन्याची पहिली तिथी आणि पंधरावी, म्हणजे ढोबळमानानं आपली अमावास्येच्या लगतची तिथी आणि पौर्णिमा, या दिवशी तिथले पुष्कळ लोक शाकाहारी जेवतात. एरवी न दिसणारी शाकाहारी दुकानं त्या दिवशी फुटपाथवर लागतात. होई आनमध्ये दर महिन्याच्या चौदाव्या चांद्र तिथीला जुन्या गावातले दिवे मालवून कंदील लावतात. ती आपली शुद्ध चतुर्दशी. म्हणून तिकीट काढायच्या आधी घरातलं कॅलेंडर भिंतीवरून उतरवा आणि पौर्णिमा कधी आहे ते बघून होई आनच्या रात्री ठरवा. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून तिथल्या लॉजमध्ये आधी विचारून घ्या.

पासपोर्ट आणि व्हिसा

कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला हेलपाटा घालायची गरज सहसा पडत नाही. पासपोर्ट असेल तर त्याची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने पुढे असू द्या.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा ये-जा करायची तर ५० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत येत नाहीत, म्हणून घाईत भरू नका. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. शुल्क २५ किंवा ५० डॉलरपेक्षा जास्त दिसलं की बाहेर पडा.

नावाचा रकाना शांतपणे भरा. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, कुणाचं आडनाव वेगळ्या रकान्यात, कुणाचं लग्नाआधीचं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं, तिकिटावर आणि व्हिसावर आलं पाहिजे. अर्ज दोघींनी एकत्र बसून भरा, आणि सबमिट करण्याआधी एकमेकींचा अर्ज तपासा. स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही, दुसरीला लगेच दिसते. व्हिसा छापून दोन प्रती काढा आणि एक प्रत मैत्रिणीच्या बॅगेत ठेवा, तिची आपल्या बॅगेत. पासपोर्टच्या झेरॉक्सचंही तसंच.

प्रवास विमा दोघींचा एकाच कंपनीचा, एकाच दिवशी काढा. काही झालंच तर दोन वेगळ्या हेल्पलाइनवर भांडत बसायला नको.

पैशाचं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण जुन्या मैत्रिणी सगळ्यावर बोलतात पण पैशावर बोलत नाहीत.

तिथलं चलन डोंग. एका रुपयाला साधारण ३०० डोंग पडतात, भाव रोज थोडा हलतो. शेवटची तीन शून्यं काढायची आणि उरलेल्या आकड्याला सव्वातीननं गुणायचं. ६०,००० डोंगचं जेवण म्हणजे ६० गुणिले सव्वातीन, दोनशेच्या आत. विमानात बसल्या बसल्या हा पाढा दोघींनी म्हणून बघा. मेन्यूकार्डवर बऱ्याचदा तीन शून्यं लिहीतच नाहीत, नुसतं ६० असतं, दुकानदारही तोंडी तसंच सांगतात. सगळ्यात मोठी नोट ५ लाखांची. ती निळसर आहे, आणि २० हजारांचीही निळसरच. संध्याकाळच्या अंधुक उजेडात टॅक्सीवाल्याला देताना या दोन नोटांची अदलाबदल होते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना आकडा मोठ्यानं वाचून द्या.

भारतातून निघताना थोडे अमेरिकन डॉलर रोख घ्या. परवाना असलेल्या चलन विक्रेत्याकडे पासपोर्ट, पॅन आणि तिकीट दाखवून मिळतात. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या मागून घ्या. फाटलेली किंवा पेनानं लिहिलेली नोट तिथं नाकारतात. बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डवर. नेहमीचं डेबिट कार्ड नेणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला वापर आधी सुरू करा, तो आपल्याकडे मुळात बंद असतो. दोघींनी सगळे पैसे एकाच बॅगेत ठेवू नका, आणि दोघींची कार्डं एकाच बँकेची नसलेली बरी.

आता दोघींमधला हिशेब. आम्ही केलं ते असं: एक सामाईक पाकीट, त्यात रोज सकाळी दोघींनी सारखी रक्कम टाकायची. जेवण, चहा-कॉफी, टॅक्सी, तिकिटं सगळी त्यातून. साड्यांचं सिल्क, घरच्यांसाठी भेटी, जास्तीची कॉफी हे ज्याचं त्यानं. पाकीट एकीकडे आणि वही दुसरीकडे. प्रत्येक गावाला ही कामं बदलायची. एकीकडेच कायम पाकीट राहिलं की तिला सारखं देणारीसारखं वाटतं आणि दुसरीला मागणारीसारखं. रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटांत हिशेब मिटवा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

कोल्हापूर ते विमानतळ

मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत, हनोईला साधारण पाच तास लागतात. आपला खरा प्रश्न मुंबई गाठायचा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापुरातून निघते आणि सकाळी सीएसएमटीला पोचवते. विमान त्याच दिवशी रात्रीचं असेल तर हा पर्याय उत्तम, मधला दिवस मुंबईत नातेवाइकांकडे अंघोळ करून काढता येतो. गाडीनं जायचं तर पुणे-बंगळूर महामार्गावरच्या रुंदीकरणाच्या कामांचा आणि खंबाटकीचा भरवसा धरू नका, अर्धा दिवस हातात ठेवा.

बॅगेत काय? कमी. प्रत्येकीनं एकच बॅग, जी स्वतः जिना चढून नेता येईल अशी. हनोईच्या जुन्या भागातली छोटी हॉटेलं अरुंद आणि उंच असतात, लिफ्ट असेलच असं नाही. कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि थोडा कांदा-लसूण मसाला घट्ट बंद पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत. भडंग रेल्वेसाठी. नियमाची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

पहिला दिवस: हनोईत फक्त उतरायचं

घड्याळ दीड तास पुढे करा. विमानतळावरच सिम घ्या किंवा आधीच ई-सिम टाकून ठेवा. भारतीय सिम बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवा, पण डेटा रोमिंग बंद. ग्रॅब हे टॅक्सीचं अ‍ॅप इथूनच डाउनलोड करून, नंबर टाकून तयार ठेवा. भाडं आधीच दिसतं, म्हणून घासाघीस नाही. विमानतळापासून जुन्या हनोईत ८६ क्रमांकाची बसही जाते.

पहिल्या दिवशी एकही प्रेक्षणीय स्थळ ठेवू नका. अंघोळ, दोन तास झोप, मग हॉटेलभोवती एक चक्कर आणि होआन किएम तळ्याकाठी बसणं. एवढंच. खोली बुक करताना दोन वेगळे पलंग आहेत ना ते बघा, आणि खिडकी आहे का तेही. जुन्या भागात बिनखिडकीच्या खोल्या स्वस्तात मिळतात, पण तिथं सकाळ झालेली कळत नाही आणि दोघींची चिडचिड होते.

पहिली परीक्षा रस्ता ओलांडायची. हनोईत दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही, झेब्रा क्रॉसिंगवरही नाही. वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीनं उलटी वळते. मोटार किंवा बस येत असेल तर थांबा, त्या वळसा घालत नाहीत. नुसत्या दुचाक्या असतील तर पाऊल टाका आणि एकाच वेगानं, हळू, सरळ चालत राहा. मध्येच थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं यायचं नाही. तुमचा वेग बघून गाडीवाले बाजूनं जातात. तुम्ही दचकून थांबलात तर त्यांचा अंदाज चुकतो. दोघींनी एकमेकींचा हात धरून एका रेषेत चालावं, एकीमागे एक नको. आम्ही पहिल्यांदा एका भाजीवाल्या आजीच्या मागोमाग गेलो. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना टोपल्या, आणि ती एकदाही मान न वळवता पलीकडे गेली.

स्कूटर भाड्यानं घ्यायचा मोह होईल. तिथं चालणारा परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देत नाही, तेव्हा ग्रॅबच्या मागच्या सीटवर बसा.

दोन वह्या

आता मुख्य गोष्ट. निघताना दोन छोट्या वह्या घ्या, दोघींच्या वेगळ्या. रोज रात्री, एकमेकींशी त्या दिवसाबद्दल बोलायच्या आधी, दहा मिनिटं लिहायचं. फार नाही, तीनच गोष्टी. आज डोळ्यांनी काय बघितलं? त्याचा अर्थ मला काय वाटला? कुणाला काय विचारायचं? पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीत सरमिसळ होऊ द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी रात्री वह्या एकमेकींना वाचून दाखवायच्या.

याचा उपयोग कसा होतो ते आमच्याच एका गोष्टीवरून सांगते. हनोईत एका संध्याकाळी दुकानांसमोर फुटपाथवर जागोजागी पत्र्याच्या डब्यांत काहीतरी जळत होतं. धूर डोळ्यांत जात होता. मैत्रीण म्हणाली, "कसला कचरा जाळत्यात बघ, भर रस्त्यात." मी मान हलवली. रात्री लिहायला बसल्यावर मात्र "काय बघितलं" या रकान्यात मला कचरा असं लिहिता येईना, कारण मी कचरा बघितलाच नव्हता. बघितलं होतं ते असं: चपलांच्या दुकानाची मालकीण छोट्या स्टुलावर बसली होती. शेजारच्या ताटात फळं, बिस्किटांचा पुडा, बिअरचा डबा आणि पेटलेल्या उदबत्त्या. हातात कागदांची गड्डी होती आणि त्यातला एकेक कागद ती सुटा करून, नीट उलगडून आगीत सोडत होती. ते कागद डॉलरच्या नोटांसारखे दिसत होते.

सकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती चांद्र महिन्याची पंधरावी तिथी होती. त्या दिवशी घरोघरी, दुकानोदुकानी पूर्वजांना नैवेद्य दाखवतात आणि त्यांना तिकडं खर्चाला पडावे म्हणून कागदी पैसे जाळून पाठवतात. हे कागद कुठं मिळतात विचारल्यावर तिनं हांग मा रस्त्याचं नाव लिहून दिलं. जुन्या हनोईत एकेका धंद्याची एकेक गल्ली आहे, जशी आपल्याकडे सोन्याची गुजरी. हांग बाक चांदीची, हांग गाई रेशमाची, हांग थिएक पत्र्याच्या कामाची, आणि हांग मा या कागदी वस्तूंची. तिथं कागदाचे शर्ट होते, कागदाचे मोबाइल होते, कागदाच्या मोटारसायकली होत्या, सगळं पितरांना पाठवायला. मैत्रीण त्या दुकानात खूप वेळ उभी होती. तिचे वडील त्याच वर्षी गेले होते.

वही नसती तर हनोई आमच्या लेखी रस्त्यात कचरा जाळणारं शहर म्हणून राहिलं असतं. असे गैरसमज पहिल्या दोन दिवसांत डझनावारी होतात. फुटपाथवर गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवणारी माणसं बघून गरिबी वाटते. दुसऱ्या दिवशी त्याच स्टुलांवर इस्त्रीच्या कपड्यांतले बँकेचे लोक दिसतात. भर उन्हात पूर्ण बाह्यांची जाकिटं, मोजे आणि मास्क घालून स्कूटर चालवणाऱ्या बायका बघून आजारपण वाटतं. ती उन्हाची काळजी असते. म्हणून "काय वाटलं" हे लिहा जरूर, फक्त वेगळ्या रकान्यात.

घरच्या ग्रुपवर पहिल्या दोन दिवसांत मतं टाकू नका, फोटो टाका. एकदा लिहून पाठवलेलं मत मागं घ्यायला माणूस तयार होत नाही.

खायचं काय

भूक लागण्याआधी जेवणाचं ठरवा. दोघींची भूक एकदम चढली की साध्या प्रश्नावरून भांडण होतं. तिथं जेवणाच्या वेळा लवकरच्या आहेत, दुपारचं अकरा ते एक. दोन वाजता चांगली खानावळ शोधत फिरलात तर चुली विझलेल्या असतात.

शाकाहारी असाल तर "आन चाय" म्हणजे शाकाहारी जेवते, एवढं सांगा आणि "क्वान चाय" अशी पाटी शोधा. ही बौद्ध शाकाहारी खानावळ, इथं मासळीचं पाणीही घालत नाहीत. इतर ठिकाणी भाजी मागितली तरी तिच्यात नुओक माम, म्हणजे माशांपासून केलेला खारट द्रव, असतोच. फो या प्रसिद्ध नूडल्सचा रस्सा हाडं उकळून करतात, त्यामुळे वरचं मांस काढून द्या म्हटल्यानं काही होत नाही. फो चाय मागा. हुए शहर शाकाहारी जेवणासाठी नावाजलेलं आहे, तिथं दोन वेळा पोटभर जेवून घ्या.

मांसाहार करणाऱ्यांनी पाच शब्द पाठ करावेत. बो म्हणजे गोमांस, हेओ किंवा लोन म्हणजे डुक्कर, गा म्हणजे कोंबडी, का म्हणजे मासा, तोम म्हणजे कोळंबी. पाटीवर बहुतेक वेळा पदार्थाच्या नावातच हे आलेलं असतं, म्हणून विचारायचीही गरज पडत नाही. कोल्हापूरच्या जिभेला रस्सा फिकट लागेल. पहिला घास तसाच घ्या, मग टेबलावरचं लिंबू, मिरची, हिरवी पानं घाला, आणि तरीही नाहीच जमलं तर पिशवीतली चटणी काढा. पहिल्या घासालाच चटणी ओतली तर त्या रश्श्याची चव कायमची राहून जाते.

कॉफी मात्र सोडू नका. ब्राझीलनंतर जगात सगळ्यात जास्त कॉफी पिकवणारा हा देश. हनोईची अंड्याची कॉफी १९४६ मध्ये, दुधाची टंचाई असताना, फेटलेल्या अंड्याचा बलक दुधाऐवजी वापरून सुरू झाली. नाव ऐकून मैत्रिणीनं नाक मुरडलं होतं. ती रोज एक प्यायची.

नळाचं पाणी पिऊ नका.

दक्षिणेकडे: रेल्वे, हुए, होई आन, मी सोन

हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग फ्रेंच राजवटीत १९३६ मध्ये पुरा झाला, युद्धात तुटला आणि १९७६ मध्ये पुन्हा जोडला गेला. सगळा एका दमात करू नका, तीस तासांच्या वर लागतात. हनोई ते हुए रात्रीची गाडी घ्या, चार बर्थच्या डब्यात. हुए ही १८०२ ते १९४५ पर्यंत न्गुयेन राजघराण्याची राजधानी. किल्ला आणि राजवाडा बघायला एक पूर्ण दिवस लागतो, आणि व्हिएतनाम युद्धातल्या १९६८ च्या लढाईत त्यातला किती भाग गेला हे मोकळ्या जागा बघून कळतं.

हुए ते दा नांग हा टप्पा दिवसाउजेडीच करा. जेमतेम तीन तासांचा प्रवास, पण हाय वान घाटात गाडी थेट समुद्रावर लोंबकळल्यासारखी जाते. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी मागा. दा नांगहून होई आन सुमारे ३० किलोमीटर, तिथं रेल्वे नाही, टॅक्सी करा. होई आनला निदान तीन रात्री ठेवा, आणि त्यातली एक दुपार एकमेकींपासून वेगळी.

होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर 'मी सोन' नावाचं जुन्या देवळांचं ठिकाण आहे, आणि मराठी माणसानं ते चुकवू नये. चंपा राज्याच्या हिंदू राजांनी चौथ्या शतकापासून इथं शिवमंदिरं बांधली. राजा भद्रवर्मनानं स्थापलेल्या देवाचं नाव भद्रेश्वर. बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. मंदिरं विटांची, आणि विटांमध्ये चुन्याचा थर जवळजवळ दिसतच नाही. १९६९ मध्ये अमेरिकन बाँबफेकीत इथलं सगळ्यात मोठं मंदिर पडलं; बाँबचे खड्डे आजही गवतात दिसतात. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं इथं दुरुस्तीचं काम केलं, आणि मे २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. पहाटे निघा, नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात.

हंपी बघून आलेल्या डोळ्यांना हे आधी लहान वाटतं. मैत्रिणीच्या वहीत त्या रात्री "एवढंच?" असं होतं. माझ्या वहीत एका भिंतीबद्दल अर्धं पान होतं, जिथं विटेतच कोरलेला हात जोडलेला माणूस आहे आणि त्याच्या खांद्यावर शेवाळ आलंय. दोन्ही खरं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "तो माणूस मला दिसलाच नाही गं." मीही तिच्या वहीतून शिकले. बाहेरच्या संग्रहालयातला नकाशा तिनं बघितला होता, मी बघितला नव्हता, त्यामुळे दरीतल्या त्या सगळ्या देवळांचा विस्तार केवढा आहे हे मला तिच्याकडून कळलं.

खटके उडतील तेव्हा

पाचव्या-सहाव्या दिवशी उडतातच. कारण बहुतेक वेळा झोप किंवा भूक असतं, त्यामुळे आधी खा, मग बोला. नकाशा वाचणारीला चालता चालता "नक्की ना?" असं विचारू नका, शंका असेल तर थांबून दोघींनी बघा. प्रत्येक गावात एक दुपार वेगवेगळी घालवा, भेटायची जागा आणि वेळ ठरवून, आणि हॉटेलचं कार्ड प्रत्येकीच्या पाकिटात. रात्री जेवताना सांगायला काहीतरी नवीन असतं.

हो चि मिन्ह सिटीतलं युद्धस्मृती संग्रहालय जड आहे. एजंट ऑरेंज या विषारी फवारणीचे परिणाम दाखवणाऱ्या दालनात मैत्रिणीला थांबवेना, ती खाली अंगणात जाऊन बसली. मी पुरं बघितलं. एकीला नको असेल तर दुसरीनं ओढू नये, आणि जिला बघायचंय तिनं लवकर आवरू नये. त्या संध्याकाळी दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका.

पोलीस ११३, अग्निशमन ११४, रुग्णवाहिका ११५. भारताचा दूतावास हनोईत आणि वाणिज्य दूतावास हो चि मिन्ह सिटीत आहे. दोन्हींचे पत्ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, कारण मोबाइल हरवला तर तेच पान उपयोगी पडतं.

परतताना उरलेले डोंग विमानतळावर बदलून घ्या, भारतात आल्यावर ते कुणी घेत नाही. सामाईक पाकिटात जे उरेल ते तिथंच निम्मं-निम्मं करा. आमच्या पाकिटात दोन कॉफ्यांपुरते उरले होते, ते विमानात बसायच्या आधीच संपवले.